मूळ फाईल मागणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्हाला मी अजून भेटलेली नाही. तुमचा आवाजही ऐकलेला नाही. तुमची ओळख म्हणजे माझ्या फोटोंखाली तुम्ही लिहिलेल्या ओळी, एवढीच. तरीही हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते चारचौघांत केलंत.

मी नातेपुत्यात राहते आणि गेली एकोणीस वर्षं पतसंस्थेत काउंटरवर बसते. कॅमेरा माझ्याकडे आला तो भावाकडून. त्याने नवा घेतला आणि जुना मला दिला, 18-55च्या लेन्ससकट. पहिलं वर्षभर मी घरातलंच टिपत होते. चूल, दोरीवरचे कपडे, सासूबाईंचे हात. मग वाटलं, नीट शिकावं. रजा टाकली, साडेतीन हजार भरले आणि शहरातल्या दोन दिवसांच्या शिबिराला गेले. तिथल्या सरांनी माझे वीस फोटो स्क्रीनवर लावले आणि एकामागून एक पुढे ढकलले. मी मनात मोजत होते, एका फोटोला तीन सेकंदही मिळाले नाहीत. शेवटी म्हणाले, "कॅमेरा बदला, मग बोलू." सगळे हसले. परतीच्या एसटीत कॅमेऱ्याची पिशवी मी मांडीवरून काढून पायाशी ठेवली, ती घर येईपर्यंत वर घेतली नाही.

त्यानंतर मैत्रिणीने मला फोनवर एकमेकांना फोटो दाखवणाऱ्या आपल्या हौशी मंडळींत आणलं. इथे उलटा अनुभव. काहीही टाका, खाली "अप्रतिम", "एक नंबर", "क्या बात". सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एकदा चुकून हललेला फोटो माझ्याकडून गेला, त्यात कुणाचा चेहराच ओळखू येत नव्हता, आणि त्याच्याखालीही "अप्रतिम" आलं. त्या दिवशी कळलं की सरांनी पाहिलं नव्हतं, तसंच यांनीही पाहिलेलं नाही. एकाने न पाहता हाकललं, बाकीच्यांनी न पाहता हार घातला.

आणि मग तुमचा पहिला प्रश्न आला. दिंडीचा फोटो होता. "ताई, धोतरं मळकी होती का?" मला राग आला होता, काका, आज सांगते. सकाळी आंघोळ करून निघालेली दिंडी, पांढरीशुभ्र माणसं. मी लिहिलं, "नाही, स्वच्छ होती." तुम्ही लिहिलंत, "मग फोटोत का मळली, ते शोधू." "शोधा" नाही लिहिलंत. "शोधू" लिहिलंत.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला माणूस कळत नाही आणि धोतरही कळत नाही, समोरचा सगळा उजेड एकत्र करून तो मधल्या करड्या रंगावर आणून ठेवायचा एवढंच त्याला ठाऊक, हे मला तुमच्यामुळे समजलं. समोर पांढरंच पांढरं असेल तर तो उजेड कमी करतो आणि पांढऱ्याचं राखाडी होतं. समोर काळं असेल तर उजेड वाढवतो आणि काळ्याचंही राखाडीच होतं. "दिंडी भरून आली की उजेड कमीजास्त करायची डायल तीन टिक अधिककडे, म्हैस भरून आली की तीन टिक उणेकडे," असं तुम्ही लिहिलंत. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दिरांच्या गोठ्यात होते. त्यांची म्हैस माझ्या फोटोत आयुष्यात पहिल्यांदा काळी आली. आधी याच तक्रारीवर मला सांगितलं गेलं होतं, "ब्राइटनेस वाढवा मोबाईलमध्ये." झालं, संपलं.

कॅमेरा कुठला, असं तुम्ही कधीच विचारलं नाहीत. तुमचा प्रश्न ठरलेला: "कुठे उभ्या होतात?" मग मी आठवायची. पायरीवर होते, ट्रॉलीच्या मागे होते, ऊन पाठीवर होतं. तुम्ही म्हणायचात, बसला असतात तर आकाश आलं असतं, दोन पावलं डावीकडे गेला असतात तर तो फ्लेक्स गेला असता. आता मी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी पायांकडे बघते.

तुमच्या स्टुडिओबद्दल तुम्ही तुकड्यातुकड्यांनी लिहिलंत, ते सगळं मी वहीत उतरवून ठेवलंय. छत्तीस फोटोंचा रोल, अख्खं लग्न दोन रोलमध्ये. म्हणजे बहात्तर वेळा बोट दाबायचं आणि त्यात दोन्हीकडचे मामा, सगळ्या आत्या, जेवणाच्या पंगती आणि पाठवणी बसवायची. लाल दिव्याच्या उजेडात ट्रेमधल्या कागदावर चेहरा हळूहळू वर यायचा. पासपोर्ट फोटोच्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने काम करून देवीचे व्रण झाकायचे, लग्न जमायचं असायचं म्हणून. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते, हेही तुम्हीच सांगितलंत. फोटोची कला जगासमोर आली 1839 साली, म्हणजे पंधरा वर्षांत आपल्याकडची माणसं त्यासाठी एकत्र जमू लागली होती. ते वाचून मला एकदम मोठ्या घरातली असल्यासारखं वाटलं.

आणि एक प्रसंग. माझ्या एका फोटोखाली कुणीतरी विचारलं होतं, "मिस्टरांनी काढला का?" मी उत्तर दिलं नाही, अशा प्रश्नांना काउंटरवरही देत नाही. तुम्ही दिलंत. होमाई व्यारावालांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या यजमानांच्या, माणेकशांच्या नावाने छापले जायचे, हे सांगितलंत. देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून आज त्यांना आपण मानतो, 2011 साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. पुढे एवढंच होतं: "ताई, फोटोखाली तुमचं नाव लिहीत जा." तेव्हापासून लिहिते.

पण हे पत्र यांपैकी कशासाठीच नाही.

हे पत्र पुरंदावड्याच्या फोटोसाठी आहे. माउलींच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण आमच्याकडे सदाशिवनगरजवळ पुरंदावड्यात होतं. रिंगणाचे फोटो सगळ्यांकडे असतात, माझ्याकडेही आहेत: अश्व धावतोय, पताका, टाळ, वर उडालेली धूळ. तो फोटो मी रिंगण संपल्यावर काढला. गर्दी पालखीकडे सरकली होती. मैदान मोकळं पडलं होतं, टापांनी उखडलेलं, आणि वर ढग. सगळं मैदान यावं म्हणून लेन्स पार 18 वर, सगळ्यात रुंद दिसतं तिथे, आणली आणि बांधावरून एकच फोटो घेतला.

रात्री नऊला टाकला. तुमचं आलं: "ताई, रिकामा आहे. विषय कुठे आहे?"

तुम्ही लिहिलंत म्हटल्यावर बाकीच्यांना धीर आला. "जागा वाया गेली." "रिंगण संपल्यावर पोहोचलात वाटतं." एकाने तर मला न विचारता माझा फोटो कापला, खालची जमीन उडवली, ढग काळेनिळे केले आणि "आता बघा" म्हणून परत टाकला. त्याला दाद मिळाली. कुणी ओळखीची वस्तू तोडून पुन्हा आपल्याच हातात द्यावी तसं झालं मला. मी फोटो काढून टाकायचं ठरवलं होतं. पण तुम्ही म्हणताय म्हणजे चूक माझीच असणार, असंही वाटत होतं, आणि तेच जास्त लागलं होतं.

अकराला तुमचा वेगळा निरोप आला. "मूळ फाईल मेलवर पाठवाल का? घाई नाही." मी पाठवली. कशाला हवी, ते विचारलं नाही.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांसमोर तुम्ही जे लिहिलंत, ते मला पाठ आहे.

"काल मी हा फोटो फोनवर पाहिला आणि बोललो. आज मुलाच्या कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. उजव्या टोकाला एक बाई बसली आहे. अश्वाच्या टापेखालची माती उचलून पदराच्या गाठीत बांधते आहे. एवढ्या मोठ्या मैदानात ती एवढीशीच हवी. फोटो रिकामा नाही. माझं चुकलं."

आणि खाली दुसरी ओळ: "डावीकडचा विजेचा खांब मात्र तुमचा चुकला. दोन पावलं उजवीकडे सरकला असतात तर तो झाडामागे गेला असता."

काका, मी ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचलं आणि गॅस बंद करून खाली बसले.

ती बाई मला दिसली होती. तिच्यासाठीच तो फोटो होता. पण फोनच्या स्क्रीनवर ती तांदळाच्या दाण्याहूनही लहान दिसत होती, आणि "तिथे बाई आहे हो" असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. सांगून दाखवावं लागलं तर तो फोटो कसला, असं वाटलं. तुम्हाला ती कुणीही न सांगता सापडली.

पुष्कळ दिवस मी विचार करतेय की हे मला इतकं का लागलं. आमच्याकडे संध्याकाळी रोकड जुळवतात. दहा रुपये कमी आले तरी सगळ्या स्लिपा पुन्हा काढायच्या, जुळल्याशिवाय उठायचं नाही. कंटाळा येतो, बस चुकते, पण उठायचं नाही. त्या रात्री तुमची रोकड जुळली नव्हती. तुम्ही बोलून मोकळे झाला होतात, सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, तुम्हाला कुणी काही विचारणारही नव्हतं. तरी काहीतरी कमी येतंय असं तुम्हाला वाटलं आणि तुम्ही स्लिपा पुन्हा काढल्यात. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सकाळी सहाला, मुलाचा कॉम्प्युटर लावून. पन्नास वर्षं लोकांचे चेहरे पाहिलेल्या माणसाने, पतसंस्थेतल्या एका बाईच्या एका फोटोसाठी.

आणि मला एकटीला खासगीत लिहिलं असतंत तरी मी धन्य झाले असते. तुम्ही बोललात सगळ्यांसमोर, तर चूकही सगळ्यांसमोर म्हणालात. असं मी फार कमी पाहिलंय. मोठ्या आवाजात रागावून नंतर केबिनमध्ये बोलावून "तसं काही नव्हतं हं" म्हणणारे साहेब पाहिलेत. घरात तर "चुकलं" हा शब्द बायका आणि मुलांनीच म्हणायचा, अशी रीत आमच्या पिढीने पाहिलीय. त्या शिबिरातल्या सरांना माझा कॅमेरा दिसला, माझे फोटो दिसले नाहीत. त्यांनी तिसऱ्या सेकंदाऐवजी तिसाव्या सेकंदाला बटण दाबलं असतं, तरी मी ते साडेतीन हजार विसरले असते.

तो खांबही मला तेवढाच प्रिय आहे. चूक कबूल करताना माणसं पुढच्याला उगाच गोड बोलतात, सगळंच छान होतं म्हणतात. तुम्ही तसं केलं नाहीत. तुमचं तुमच्याकडे घेतलंत, माझं माझ्याकडे ठेवलंत. म्हणूनच वरचं सगळं मला खरं वाटलं.

कापून फोटो टाकणाऱ्या गृहस्थांनी पुढे काही लिहिलं नाही. पण जे नेहमी "अप्रतिम" लिहितात, त्यांच्यापैकी एका ताईंनी दोन दिवसांनी मला विचारलं, "ती माती घरी नेऊन काय करतात?" मी लिहिलं, कुणी कपाळाला लावतात, कुणी शेतात टाकतात. मग त्यांनी त्यांच्या आजीची गोष्ट लिहिली. मागच्या आठवड्यात एका मुलीने अंधाऱ्या खोलीतला फोटो टाकला, काही दिसत नव्हतं. माझं बोट "थोडा उजेड हवा होता" लिहायला गेलं होतं. थांबले, आणि तिच्याकडे मूळ फाईल मागितली. त्या अंधारात जात्याच्या खुंट्यावर एक हात होता.

फोटोची प्रिंट काढून आणलीय, 12 बाय 18, मॅट कागदावर. दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून स्पीड पोस्टाने पाठवतेय, पत्ता तुमच्या मुलाकडून मिळवला, रागावू नका. खांब तसाच ठेवलाय, पुसून देतो म्हणत होता प्रिंटवाला, मी नको म्हटलं. पाठीमागे माझं नाव लिहिलंय आणि तुम्ही विचारायच्या आधी हेही: पुरंदावडे, रिंगण संपल्यावर. बांधावर उभी होते, बाभळीच्या डावीकडे. यंदा दोन पावलं उजवीकडे उभी राहीन.

तुमची,
नातेपुत्याची ताई