सरकारी सेवेसाठी गुगल खात्याची अट नको: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री,
गोवा सरकार, पर्वरी.

विषय: राज्य सरकारच्या मोबाईल सेवा मुक्त स्रोत (ओपन सोर्स) प्रणालीवरील फोनवरही चालाव्यात, याबाबत.

महोदय,

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या आजींनी साखळीच्या बाजारातून आपला पहिला स्मार्टफोन आणला. एका योजनेसाठी ॲप घ्यायला सांगितले होते, ते प्ले स्टोअरवर होते आणि प्ले स्टोअरला गुगल खाते लागते. दुकानातल्या मुलाने त्यांच्या नावाने खाते उघडले, पासवर्ड स्वतःच ठरवून बिलाच्या मागे लिहून दिला आणि पडद्यावर जिथे जिथे 'सहमत आहे' असे आले तिथे तिथे बोट टेकवले. ते बिल आजही त्यांच्या आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात घडी करून ठेवलेले आहे. आपण कशाकशाला होकार दिला असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बाय, ताणेंच सगळें केलें, म्हाका कांयच कळना."

त्या मुलाला मी दोष देत नाही. रांगेत गिऱ्हाईक उभे असताना त्याने दुसरे काय करायचे होते? परंतु 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि आजींच्या संमतीला यांतला एकही शब्द लागू पडत नाही. शिवाय हा होकार त्यांनी एका खासगी कंपनीला दिला तो सरकारी सेवेच्या दारात उभे राहून. मला जे सांगायचे आहे ते हेच.

मी आयुष्यभर ग्रंथपालाचे काम केले. कोणत्या वाचकाने कोणते पुस्तक नेले हे तिसऱ्या माणसाला सांगायचे नाही, हा आमच्या कामाचा पहिला धडा होता. फोन तर पुस्तकाहून कितीतरी जास्त जाणतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संगणकतज्ज्ञ डग्लस लीथ यांनी 2021 मध्ये अँड्रॉइड फोन आणि आयफोन या दोहोंची तपासणी केली, तेव्हा कोणी हात न लावता पडून असलेला फोनसुद्धा सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपल्या कंपनीशी माहितीची देवाणघेवाण करतो असे आढळले. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. तो अधिकार रोजच्या व्यवहारात वापरायचा तर नागरिकाच्या हाती दुसरा पर्याय असायला हवा.

असा पर्याय आहे, आणि तो मी स्वतः वापरते. अँड्रॉइडचा पाया मुक्त स्रोत आहे. त्याची संहिता, म्हणजे मूळ प्रोग्राम, कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो. गुगलच्या सेवा त्यावर वेगळ्या चढवलेल्या असतात आणि त्या बंदिस्त आहेत. त्या सेवा वगळून उभ्या राहिलेल्या प्रणालींपैकी लिनिएजओएस ही माझ्या भाच्याने माझ्या जुन्या फोनवर बसवून दिली. कंपनीने ज्या फोनकडे पाठ फिरवली होती, त्याला आता प्रणालीचे सुरक्षा अपडेट पुन्हा मिळू लागले आहेत. ॲप मी एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत ॲपच्या भांडारातून घेते, त्यासाठी कोणतेही खाते लागत नाही. मराठी लिहिण्यासाठी इंडिक कीबोर्ड आहे. तोही मुक्त स्रोत आहे आणि केरळमधल्या 'स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग' या मुक्त सॉफ्टवेअर गटाच्या परंपरेतून तो आला आहे. माणूस जे जे टंकतो ते सगळे कीबोर्डमधूनच जाते, म्हणून मला त्याचे विशेष महत्त्व वाटते.

या प्रणाली निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. लिनिएजओएससाठी बहुतेक फोनचे बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा भाग, उघडे ठेवावे लागते, त्यामुळे फोन चोरीला गेल्यास संरक्षण कमी पडते. ग्राफीनओएस ही अशीच दुसरी प्रणाली याबाबत फार कडक आहे, पण ती गुगलच्याच पिक्सेल फोनवर चालते आणि ते फोन सामान्य घराला परवडत नाहीत. आपल्या देशातही प्रयत्न झाला. आयआयटी मद्रासमध्ये वाढलेल्या एका कंपनीची भारओएस ही अँड्रॉइडच्याच मुक्त पायावरची प्रणाली जानेवारी 2023 मध्ये पुढे आली. परंतु प्रणाली कितीही चांगली असली तरी तिच्यावर सरकारी ॲप उघडत नसेल, तर लोक ती का घेतील?

माझ्या फोनवर नेमके हेच घडले. एका सेवेचे ॲप मी उघडले, तर 'हे उपकरण सुरक्षित नाही' असा संदेश येऊन ते बंद झाले. अशा बहुतेक ॲपमध्ये प्ले इंटिग्रिटी नावाची तपासणी असते. हा फोन आपण प्रमाणित केलेला आहे का, याचे उत्तर गुगल देते आणि ॲप ते प्रमाण मानते. या तपासणीत वर्षानुवर्षे अपडेट न मिळालेला पण गुगल-प्रमाणित फोन पुष्कळदा पार होतो, आणि कालच दुरुस्त्या मिळालेला ग्राफीनओएसचा फोन अडतो. म्हणजे सुरक्षा हे कारण पुरेसे पटत नाही. अँड्रॉइडमध्येच हार्डवेअरवर, म्हणजे फोनमधल्या चिपवर, आधारित प्रमाणनाची वेगळी सोय आहे, तिच्या आधारे इतर विश्वासार्ह प्रणालीही ओळखता येतात. ती वापरायला गुगलची परवानगी लागत नाही, फक्त सरकारी निविदेत तशी अट घालावी लागते.

फोन उत्पादकांवर गुगलची ॲप एकगठ्ठा बसवण्याची अट लादणे आणि इतर गैरप्रकार यांबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये त्या कंपनीला 1,337.76 कोटी रुपयांचा दंड केला. जी सक्ती उत्पादकांवर चालत नाही, ती सरकारी ॲपच्या रूपाने नागरिकांवर येऊ नये.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. राज्याची प्रत्येक सेवा ब्राउझरमधूनही पूर्ण करता यावी. गोवा ऑनलाइन या राज्याच्या संकेतस्थळावर अनेक अर्ज तसे करता येतात, आणि कोविड लसीची वेळ कोविनच्या संकेतस्थळावरूनही घेता येत होती, तेव्हा हे अवघड नाही हे आपणच दाखवले आहे. जिथे ॲपच हवे, तिथे त्याची फाइल संबंधित सरकारी खात्याच्या संकेतस्थळावर ठेवावी आणि केवळ प्रणाली वेगळी म्हणून फोन नाकारू नये. जनतेच्या पैशातून लिहिलेली संहिता जनतेला पाहता यावी. केंद्राने मे 2020 मध्ये आरोग्य सेतूची अँड्रॉइड संहिता खुली केली होती. मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे केंद्राचे धोरण 2015 पासून आहे आणि केरळने शाळांमध्ये लिनक्स ही संगणकाची मुक्त स्रोत प्रणाली रुजवून दाखवली आहे. गोवा लहान राज्य आहे, इथे एका वर्षात हा बदल करता येईल.

माझा फोन घेऊन मी पर्वरीला यायला तयार आहे. ते ॲप कोणत्या टप्प्यावर बंद पडते, हे आपल्या अधिकाऱ्यांना टेबलावर ठेवून दाखवता येईल. आजींनाही सोबत आणेन. त्यांचे ते बिल आणि त्यामागचा पासवर्ड अजून जपून ठेवलेला आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल
साखळी, ता. डिचोली, गोवा