ब्राझीलचा कौल आणि ईशान्येची हेटाळणी

महोदय,

ब्राझीलच्या २०२२ मधील अध्यक्षीय निवडणुकीचे वर्णन ‘डावे विरुद्ध उजवे’ एवढ्यावरच आटोपले जाते, ते अपुरे आहे. दुसऱ्या फेरीत डावे नेते व माजी अध्यक्ष लुला दा सिल्वा यांना ५०.९ टक्के, तर तत्कालीन अध्यक्ष, उजवे नेते जाईर बोल्सोनारो यांना ४९.१ टक्के मते मिळाली. फरक सुमारे २१ लाख मतांचा. मात्र देशपातळीवर अटीतटीची दिसणारी ही लढत प्रदेशवार पाहिली तर (मिनास जेराइस राज्यासारखा अपवाद वगळता) बहुतेक ठिकाणी एकतर्फीच होती. ईशान्येकडील नऊही राज्यांत लुला जिंकले व तेथे त्यांना जवळपास ६९ टक्के मते पडली. दक्षिणेतील सांता कातारिना राज्यात तेवढाच कौल बोल्सोनारोंना मिळाला.

गुलामांच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या ऊसमळ्यांचा आणि वारंवारच्या अवर्षणाचा हा ईशान्य प्रदेश. तेथून पोटासाठी साओ पाउलोकडे गेलेल्या असंख्य कुटुंबांपैकी एक लुलांचे होते. मुलांची शाळेतील हजेरी आणि लसीकरण यांच्याशी जोडलेली ‘बोल्सा फमिलिया’ ही मदत योजना लुलांच्याच अध्यक्षपदाच्या काळात, २००३ मध्ये सुरू झाली. म्हणून तेथील मते विकत घेतलेली होती, असा आरोप होतो. तो मला मुळीच पटत नाही, कारण बोल्सोनारो सरकारनेही निवडणुकीआधी गरीब कुटुंबांची मासिक मदत ६०० रेआलपर्यंत (रेआल हे ब्राझीलचे चलन) वाढवली होती आणि तरीही हा प्रदेश त्यांच्याकडे वळला नाही. असे असताना पहिल्या फेरीनंतर ईशान्येच्या मतदारांना समाजमाध्यमांवर अडाणी ठरवले गेले, हे अत्यंत क्लेशदायक होते.

– एक वाचक