छंदाची बंदूक ठेवायची का विकायची

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे अमेरिकेतल्या बंदुकांवर लेख आला होता, आईने त्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "तुझ्याकडे पण आहे ना रे?" आहे. खरं तर दोन आहेत. लेख चांगला होता पण त्यात बंदूक ठेवणारा माणूस म्हणजे एकतर घाबरलेला नाहीतर डोकं फिरलेला असंच चित्र होतं, आणि ह्यूस्टनच्या बाहेर राहणारे आमच्यासारखे लोक, ज्यांना नेम धरायला मनापासून आवडतं, ते त्यात कुठे दिसले नाहीत. म्हणून लिहितोय. आणि दुसरं कारण म्हणजे गेले काही महिने घरात याच विषयावर बोलणं चालू आहे आणि आता एकदाचं ठरलंय.

माझ्याकडची मोठी बंदूक म्हणजे रुगर कंपनीची पीसी कार्बाइन. २०१९ मध्ये घेतली. कार्बाइन म्हणजे दिसायला रायफल, खांद्याला लावून मारायची, पण गोळी पिस्तुलाची, ९ एमएम. नळी १६ इंचाच्या वर, कारण इथल्या १९३४ च्या कायद्याप्रमाणे रायफलची नळी त्याहून आखूड असली की वेगळी नोंदणी आणि वेगळी भानगड. लोक हिला घेतात कारण इनडोअर रेंजवर, म्हणजे छताखाली नेमबाजी करायच्या जागी, मोठ्या रायफलला बऱ्याच ठिकाणी बंदी असते पण पिस्तुलाची गोळी चालते, गोळ्या स्वस्त, आणि पिस्तूल हातात थरथरतं तसं हिचं होत नाही, तीन ठिकाणी टेकलेली असते ना, दोन हात आणि खांदा, त्यामुळे अगदी नवखा माणूससुद्धा पहिल्याच दिवशी ५० यार्डांवरची लोखंडी प्लेट वाजवतो. तो ठण्ण आवाज उशिरा येतो, आधी प्लेट हललेली दिसते आणि मग आवाज, आणि खरं सांगतो, आठवडाभराचं ऑफिस त्या एका आवाजात डोक्यातून निघून जातं. घरी आल्यावर लीव्हर दाबून पिळलं की बंदुकीचे दोन तुकडे होतात, मग टेबलावर जुना टॉवेल टाकून साफ करायची. ही ब्लोबॅक पद्धतीची असते, म्हणजे बोल्टला, गोळीच्या मागे नळी बंद करणाऱ्या तुकड्याला, कुलूप नसतं, नुसतं त्याचं वजन आणि स्प्रिंग गोळीचा जोर झेलतात, त्यामुळे आतमध्ये काजळी खूप धरते आणि बोटं दोन दिवस काळी राहतात. हे सगळं मला आवडायचं आणि ते मी लपवणार नाही.

भारतातल्या वाचकांसाठी सांगतो, ९ एमएम तिकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेलं माप आहे, सामान्य माणसाला लायसन्सवर मिळत नाही. इथे टेक्सासमध्ये मी दुकानात गेलो, फॉर्म भरला, बॅकग्राउंड चेक झाला आणि अर्ध्या तासात बंदूक गाडीत होती. तेव्हा मला याचं भारी वाटलं होतं. आता त्या अर्ध्या तासाबद्दल मला तसं वाटत नाही. २४ मे २०२२ ला इथल्याच टेक्सासमधल्या युव्हाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, मारणारा १८ वर्षांचा होता आणि त्याची रायफल कायद्याने घेतलेली होती. माझा मुलगा तेव्हा प्राथमिक शाळेतच होता.

पण मी बंदूक तेव्हाही विकली नाही. मनाशी म्हटलं आपण जबाबदार आहोत, आपली कुलपात असते.

खरं तर २०२० पासूनच एक गोष्ट झाली होती ती मी बघतच नव्हतो. कोविडमध्ये गोळ्यांचे भाव चढले, ९-१० डॉलरचा ५० चा बॉक्स ३० च्या वर गेला, रेंज बंद, मग सवय मोडली. नंतर भाव उतरले पण मुलाचे क्लास, रोबोटिक्स, आईबाबांचं येणं, यात जाणं झालंच नाही. यावर्षी जानेवारीत सहज आठवून बघितलं तर गेल्या २ वर्षांत कार्बाइन मी ३ वेळा बाहेर काढली होती. म्हणजे मजेसाठी घेतलेली वस्तू, मजा संपली आणि कपाटात नुसता धोका उरला.

धोका म्हणजे काय ते त्याआधीच, गेल्या गणपतीत कळलं होतं. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो, आरतीला २५-३० कुटुंबं, मुलं वरखाली पळत असतात. आरती संपून प्रसाद वाटत होतो तर एका मैत्रिणीचा ७ वर्षांचा मुलगा सापडेना. लपाछपी चालली होती. मीच वर गेलो, बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये कपड्यांच्या मागे तो बसला होता, पाठ बंदुकीच्या लोखंडी कपाटाला टेकून. कपाट बंद होतं. पण किल्ली त्याच क्लॉझेटमधल्या माझ्या जुन्या ब्लेझरच्या खिशात होती आणि तो ब्लेझर त्याने अंगावर ओढून घेतला होता लपायला. गोळ्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या, काही झालं नाही. तरी मी त्याला उचलून खाली आणलं तेव्हा माझे हात गार पडले होते आणि हातातल्या मोदकाचा चुरा झाला होता. त्याच्या आईला मी दुसऱ्या दिवशी फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

त्यानंतर बायकोने जो आकडा पुढे ठेवला तो इथे लिहितो, कारण आपल्या लोकांत यावर कोणी बोलत नाही. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातली २६,३२८ स्वतःच्या हाताने. निम्म्याहून जास्त. चोर, दरोडेखोर, शाळेतला माथेफिरू यांची भीती आपण धरतो पण घरातल्याच कोणाचा तरी एक वाईट दिवस ही भीती आपण धरत नाही. माझा मुलगा आता १५ चा आहे. चांगला आहे, हसतो खेळतो. पण १५ वर्षांच्या मुलाच्या मनात काय चाललंय ते आईबापाला सगळं कळतं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही.

मित्र म्हणाले मोठी सेफ घे, विकतोस कशाला. सेफ घेतली, ती किल्ली गेली, आता कोड आहे. पण न वापरायच्या वस्तूसाठी सेफ कशाला, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. तर कार्बाइन जातेय. टेक्सासमध्ये ओळखीच्याला हातोहात विकली तरी चालतं, बॅकग्राउंड चेक लागत नाही, पण मी दुकानातूनच देणार आहे, पैसे शंभरेक डॉलर कमी आले तरी चालतील, घेणाऱ्याचा फॉर्म भरला गेला पाहिजे.

दुसरी बंदूक राहतेय, तिचंही सांगतो नाहीतर हे पत्र अर्धवट होईल. ती .२२ ची, म्हणजे बारीक गोळीची, बोल्ट ॲक्शन रायफल आहे, दर गोळीला बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो. १ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला ब्राँझ घेतलं ते आम्ही बापलेकांनी बसून बघितलं, तीच .२२ ची गोळी, आणि तेव्हापासून पोराला गुडघ्यावर बसून, झोपून, उभं राहून नेम धरायचं वेड लागलंय. महिन्यातून दोनदा आम्ही जातो, ती वापरात आहे. तिचा बोल्ट हाताने बाहेर निघतो आणि तो वेगळ्या कुलपात असतो, सेफचा कोड मला माहीत आणि बोल्टच्या कुलपाचा फक्त बायकोला. दोघांनी उघडल्याशिवाय ती बंदूक होत नाही. .२२ ने पण माणूस मरतो, हे मी विसरत नाही.

आमच्या गावी साताऱ्याकडे आजोबांची बाराबोअर होती, शेतीसाठी लायसन्सची. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ती पोत्यात गुंडाळून एसटीने तालुक्याला न्यायची, ठाण्यात जमा करायची आणि पावती खणात ठेवायची, निकाल लागल्यावर परत. घरातल्या कोणालाच त्यात अपमान वाटत नसे, बंदूक कधीतरी घराबाहेर ठेवायची असते हे सगळ्यांना माहीत होतं.

यंदा गणपतीला आमच्याकडे पुन्हा तेवढीच मुलं येणार. .२२ तेव्हा आठवडाभर एका मित्राच्या सेफमध्ये राहील, त्याच्या घरी लहान कोणी नाही, त्याला आत्ताच सांगून ठेवलंय. आणि ज्यांना ज्यांना आमंत्रण करतोय त्यांना फोनवर हे पण सांगतोय.

आपला,
एक वाचक, ह्यूस्टनजवळून