मंत्रिमहोदय, माझ्या मुलीने ‘गो-अराउंड’ म्हटलं, यात तिचं काय चुकलं?

प्रति,
मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

सादर नमस्कार. पत्रास कारण की, माझी मुलगी एका खासगी विमान कंपनीत को-पायलट आहे आणि सध्या घरी बसून आहे. आजारी नाही, रजेवरही नाही. तिला रोस्टरवरून, म्हणजे ड्युटीच्या यादीवरून, उतरवलंय. गेल्या आठवड्यात तिला कंपनीचं पत्र आलं, त्यात ‘कॉकपिटमधील अनुचित वर्तन’ असे शब्द आहेत. वर्तन काय, तर विमान आत्ता उतरवू नका, असं तिनं कॅप्टनना दोनदा सांगितलं.

पावसाळी रात्र होती, ड्युटीचा शेवटचा सेक्टर, म्हणजे शेवटचं उड्डाण. विमान उंचावर होतं आणि वेगातही. जमिनीपासून हजार फुटांवर येईपर्यंत वेग, खाली येण्याचा दर, फ्लॅप, चाकं सगळं बसलेलं नसेल तर उतरायचं नाही, वर जाऊन पुन्हा यायचं, हा नियम. त्याला गो-अराउंड म्हणतात, हे मी तुम्हाला काय सांगावं? ती म्हणाली, “सर, अनस्टेबल. गो-अराउंड.” कॅप्टन म्हणाले, “रनवे दिसतोय.” तिनं आवाज चढवून पुन्हा म्हटलं, तेव्हा त्यांनी विमान वर घेतलं. थोड्या वेळानं व्यवस्थित उतरले. प्रवासी उशिराबद्दल कुरकुरत घरी गेले. धडधाकट गेले. जिना उतरताना कॅप्टननी तिला एवढंच विचारलं, “तुझे उड्डाणाचे तास किती झालेत गं?” त्यानंतर तक्रार तिच्यावर झाली.

साहेब, मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. आमच्याकडे कंडक्टरनं एक घंटी मारली की गाडी थांबते. ड्रायव्हरची नोकरी तीस वर्षांची असो आणि कंडक्टर काल लागलेला असो, एक घंटी म्हणजे ब्रेक. का मारली हे नंतर विचारायचं, वाटल्यास शिव्याही नंतर घालायच्या. लाल डब्याला जे कळतं ते कोट्यवधींच्या विमानाला कळू नये? तुमच्या नियमपुस्तकांत ते लिहिलेलं आहे म्हणे. असेल. लिहिलेलं पुष्कळ असतं.

तिच्या शिक्षणासाठी वडिलोपार्जित रान विकलं. त्यानं भागलं नाही म्हणून घर गहाण टाकलं. लायसन्स झालं तर टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक जातीचं विमान चालवायच्या परवान्याचे, पैसे वेगळे, ते झालं तर कंपनीचा बाँड वेगळा. तिची आई अजून शिकवण्या घेते. बँकेचा हप्ता रोस्टर बघून येत नाही. आणि विमान उडवण्याचे तास नाहीत म्हटल्यावर पगारातला मोठा तुकडाच गेला. रात्री दोन वाजता पोरगी स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठते आणि तिथंच उभी राहते. मी विचारतो, झोप येत नाही का? म्हणते, “बाबा, पुढच्या वेळी मी बोलेन का, याचा विचार करतेय.” मंत्रिमहोदय, या वाक्याची भीती तुम्हाला वाटायला हवी. मी तिचा बाप आहे, विमानात बसणार तुम्ही आहात.

न बोलल्यानं आणि न ऐकल्यानं काय होतं, याची कागदपत्रं तुमच्याच मंत्रालयात आहेत. 22 मे 2010, मंगळुरू. दुबईहून आलेलं विमान डोंगरमाथ्यावरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून दरीत गेलं. 158 माणसं मेली, आठ वाचली. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशीतून निघालं की कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते, ध्वनिमुद्रणात घोरणं आहे, आणि उतरताना ते पुरते जागेही नव्हते. को-पायलटनं तीनदा गो-अराउंड सुचवलं. विमानातलं इशारायंत्र ओरडत होतं ते वेगळंच. शेवटी तो म्हणाला, धावपट्टी उरलेली नाही. को-पायलटला कळलं होतं, यंत्रालाही कळलं होतं, फक्त ज्याच्या हातात विमान होतं त्याला ऐकायची सवय नव्हती.

दहा वर्षांनी कोझिकोड. 7 ऑगस्ट 2020, कोविडकाळातल्या वंदे भारत मोहिमेचं विमान, 21 मृत्यू. कॅप्टन दीपक साठे आपले मराठी, हवाई दलातले नावाजलेले. ते गेले तेव्हा आमच्या घरातही रडारड झाली. पण अहवाल वाचला तर पुन्हा तेच: विमान निम्मी धावपट्टी ओलांडून टेकलं, को-पायलटनं गो-अराउंड म्हटलं, ते झालं नाही. अहवाल पुढं असंही म्हणतो की को-पायलटनं कंट्रोल हातात घ्यायला हवे होते. घ्यायला हवे होते! ज्या पोराला कॅप्टनपुढं ‘सर, असं वाटतंय’ एवढंच बोलायची सवय लावलीत, त्यानं ऐन क्षणी हवाई दलातल्या ज्येष्ठाच्या हातातलं विमान हिसकावून घ्यायचं? त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावर कुणी टीव्हीवर बोललं नाही. कोझिकोडला कंपनीचे कॅप्टन पुरेसे नव्हते आणि सकाळचं पुढचं उड्डाण साठेसाहेबांनाच करायचं होतं, त्यामुळं काहीही करून तिथंच उतरायचा दबाव त्यांच्या मनावर होता. त्यांच्या बाजूचा वायपर पावसात बंद पडला होता. मग ही नुसती पायलटची चूक कशी? माणसं कमी कुणी ठेवली?

हे काही आपल्याच देशाचं दुखणं नाही. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या टेनेरीफ बेटावर धुक्यात दोन जंबो धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली, 583 मेले. त्यातल्या एका विमानाच्या, डच कंपनी केएलएमच्या, कॅप्टनचा फोटो कंपनीच्या जाहिरातीत झळकत होता, एवढा मोठा माणूस. फ्लाइट इंजिनीअरनं मागून विचारलं, ते दुसरं, पॅन-ॲमचं विमान धावपट्टीवरून गेलं नाही का? कॅप्टन ठामपणे म्हणाले, गेलं. इंजिनीअर गप्प बसला. त्यानंतर जगानं धडा घेतला, क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं शिक्षण सुरू केलं, वरिष्ठाला टोकायचं कसं आणि टोकलेलं ऐकायचं कसं ते शिकवायला लागले. माझ्या मुलीनंही तो कोर्स केला, प्रमाणपत्र भिंतीवर आहे. त्यात शिकवलं तेच तिनं केलं. कॅप्टनना कुणी शिकवलं होतं का, ते मला माहीत नाही.

आणि आता झोपेबद्दल. वैमानिकांच्या थकव्यावर नवे नियम तुमच्या डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या कार्यालयानं, जानेवारी 2024 मध्ये काढले. आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून 48 तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा. जून 2024 पासून लागू म्हणालात, पुढं ढकललंत. कोर्टकचेऱ्या झाल्या, मग टप्प्याटप्प्यानं 2025 च्या जुलैत आणि नोव्हेंबरात आणलेत. पोरीनं घरी पेढे आणले होते, चेष्टा नाही. डिसेंबर उजाडला. एका मोठ्या कंपनीनं माणसं पुरेशी घेतली नव्हती म्हणून हजारो उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर लोक बॅगांवर झोपले. तुम्ही काय केलंत? त्याच कंपनीला रात्रीच्या नियमातून सूट दिलीत, 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत. आणि आठवड्याच्या विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही, हे कलम सगळ्यांसाठीच मागं घेतलंत. रजा वेगळी आणि साप्ताहिक सुट्टी वेगळी, हे आमच्या डेपोतल्या शिपायालाही कळायचं. ज्यानं अभ्यास केला नाही त्याच्यासाठी परीक्षाच पुढं ढकलायची, असा हा न्याय.

तुमच्याकडं तरी माणसं आहेत का? डीजीसीएची हजारभर मंजूर पदं आणि त्यातली निम्म्याच्या आसपास रिकामी, असं संसदीय समितीच म्हणाली. अपघाताची चौकशी करणारा एएआयबी हा ब्यूरोही तुमच्याच मंत्रालयाखाली. वाहतूक तुमची, नियम तुमचे, चौकशी तुमची आणि निकाल पायलटचा. अहमदाबादच्या अपघातात 260 माणसं गेली. प्राथमिक अहवालात तुम्ही कॉकपिटमधल्या संवादाचं एकच वाक्य दिलंत: एकानं विचारलं, इंधन का बंद केलंस, दुसरा म्हणाला, मी केलं नाही. कोण कुणाला म्हणालं तेही नाही, पुढचं-मागचं काही नाही. तेवढ्यावर जगभरात खटला चालला आणि त्या विमानाच्या कॅप्टनच्या नव्वदी ओलांडलेल्या बापाला, मेलेल्या मुलाची अब्रू वाचवायला, सुप्रीम कोर्टात जावं लागलं. मी त्या बापाला ओळखत नाही, पण त्यांचा फोटो मी कापून ठेवलाय.

हवाई चप्पलवाल्याला विमानात बसवणार, असं म्हणालात. छान. नवे टर्मिनल, फिती, फुगे, ढोलताशे, सगळं झालं. पण या देशात खालच्यानं वरच्याला ‘साहेब, चुकतंय’ म्हणायची सोय कुठं आहे, सांगा. पूल पडण्याआधी कुठल्यातरी ज्युनिअर इंजिनीअरनं लिहिलेलं असतं. ऑपरेशन बिघडण्याआधी कुठल्यातरी सिस्टरनं पाहिलेलं असतं. त्यांचं काय होतं? बदली. तुमच्या स्वतःच्या मंत्रालयात एखाद्या सेक्शन ऑफिसरनं तुम्हाला शेवटचं कधी ‘नाही सर’ म्हटलं होतं, आठवून पाहा.

मागणं फार नाही. दोघांपैकी कुणीही गो-अराउंड म्हटलं तर विमान वर गेलंच पाहिजे, आणि ज्यानं ऐकलं नाही त्याला विचारा, बोलणाऱ्याला नको. वैमानिक थकव्याचे रिपोर्ट देतात, त्यातले किती कंपन्यांनी मानले आणि किती फेटाळले, ते दर महिन्याला वेबसाइटवर टाका. माझ्या मुलीचा फेटाळला होता, कारण दिलं नाही. चौकशी ब्यूरो मंत्रालयाबाहेर काढा. आणि तिचं रोस्टर परत द्या. बाकीचं नाही जमलं तर निदान एवढं.

आपला,
एका को-पायलटचा बाप
(निवृत्त वाहतूक नियंत्रक, एसटी), सांगली जिल्हा

ता. क. मुलीचं आणि कंपनीचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. हे पत्र ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ कंपन्यांकडे पाठवलंत, तर कार्यवाही कुणावर होईल हे मला पक्कं ठाऊक आहे.