डोक्यावरचा पफ आधी, बसायची पफी नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला घरसजावटीचा लेख आवडला, पफीचे, म्हणजे बसायच्या त्या गुबगुबीत बुटक्या बैठकीचे फोटो तर फारच छान, पण त्यात एक वाक्य आहे की बायकांच्या केसांच्या पफला हे नाव बसायच्या पफीवरून पडलं. अहो क्रम अगदी उलटा आहे, आणि पेपरात छापून आलं की लोक तेच खरं धरून चालतात म्हणून लगेच लिहायला घेतलं.

मूळ फ्रेंच शब्द पूफ. फुगल्याचा, हवा सुटल्याचा जो आवाज होतो ना, त्यावरूनच झालेला. पॅरिसमध्ये १७७४ च्या सुमारास तो डोक्यावर चढला. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचे केस करणारा लेओनार ओतिए आणि तिचे कपडे, टोप्या करणारी रोझ बेर्तां, या दोघांनी ही फॅशन गाजवली. आतून तारेचा सांगाडा, जाळीचं कापड, घोड्याच्या केसांनी भरलेली छोटी उशी, त्यावर बाईचे स्वतःचे केस चढवायचे, कमी पडले तर गंगावन, मग पोमेड, म्हणजे केसांना लावायचं मलम चोपडून वरून पांढरी पावडर. म्हणजे उशी होती, पण केसांच्या आत! आज पार्लरमध्ये नवरीचा पफ काढताना बॅककोम्बिंग करून आत स्टफिंग घालतात, पिना खोचतात आणि वर स्प्रे मारतात, पद्धत फार वेगळी नाहीये.

आणि हे पूफ नुसते शोभेचे नव्हते, त्यात बातम्या असायच्या. १७७४ च्या मे महिन्यात फ्रान्सचा राजा पंधरावा लुई देवीच्या रोगाने गेला, जूनमध्ये नव्या राजाने म्हणजे सोळाव्या लुईने देवी टोचून घेतली, तर लगेच त्याचा पूफ निघाला, उगवता सूर्य, ऑलिव्हचं झाड आणि वैद्यकाच्या देवाचा साप, सगळं डोक्यावर. १७७८ मध्ये बेल पूल नावाचं फ्रेंच जहाज इंग्रजांशी लढलं तेव्हा शिडासकट जहाजच केसांत बसवलं. हे असले पूफ एवढे उंच की बायकांना घोडागाडीत सीटवर बसता यायचं नाही, खाली गुडघे टेकून जावं लागायचं.

बसायचा पूफ, म्हणजे आपली पफी, ती पाठ नसलेली, हात नसलेली, भरपूर भरलेली बुटकी बैठक, हा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९ व्या शतकाच्या मध्याला आला. मग पुढे स्कर्टच्या मागच्या फुगाऱ्यालाही पूफ म्हणायला लागले. जे फुगीर दिसेल ते पूफ, एवढं साधं आहे.

इंग्रजीत पफ हा त्यांचा स्वतःचा जुना शब्द आधीपासून होताच, तोही फुंकण्याच्या आवाजावरूनच आलेला. आपण पावडरचा पफ, पफ बाही म्हणतो तो हा. पण आपल्याकडे शिंप्याकडे ‘फुग्याची बाही’ म्हटलं तरी बरोब्बर तीच बाही शिवून मिळते, आणि मला तरी हा शब्द जास्त गोड वाटतो, तो लेखांमधून का गायब झालाय कळत नाही.

तर एका ओळीची दुरुस्ती नक्की छापा, आणि जमलं तर केसांच्या पफवर वेगळा लेख येऊ द्या, फोटोंसकट.

आपली,
एक नियमित वाचक, सांगली