शिपाई नामदेव जाधव यांच्यावरील लेख तपासून देणाऱ्या सुभेदार साहेबांस

आदरणीय सुभेदार साहेब,
सादर प्रणाम.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील निमजचे सुपुत्र, व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटिश काळातील सर्वोच्च शौर्यपदकाचे मानकरी शिपाई नामदेव जाधव यांच्यावर शाळेच्या वार्षिक अंकासाठी मी लिहिलेला लेख आपण तपासून दिलात, त्याबद्दल हे जाहीर आभार. ‘एकट्याने शत्रूची तीन ठाणी उद्ध्वस्त केली’ या माझ्या पहिल्याच वाक्याखाली रेघ ओढून आपण समासात लिहिलेत : ‘त्याआधी काय केले?’

मग आपण मला गावाबाहेरच्या कालव्यावर नेलेत. दुसऱ्या महायुद्धात जाधव लढले त्या जागी इटलीतील सेनिओ नदी जेमतेम 15 फूट रुंद आणि चार-पाच फूट खोल होती, हे मी वाचले होते. पण दोन्ही काठांचे बांध 30 ते 35 फूट उंच, उभ्या चढणीचे होते आणि पूर्वेच्या बांधाच्या आतल्या अंगावर सुरुंग पेरलेले होते, याचा अर्थ कालव्याचा चढ धापा टाकत चढल्यावरच मला कळला. 9 एप्रिल 1945 च्या संध्याकाळी नदी ओलांडताना कंपनी कमांडर व दोन जवान जखमी झाले, सोबतचे बाकी सारे मारले गेले. धडधाकट उरले ते कंपनीचे रनर (निरोप पोहोचवणारे शिपाई) असलेले एकटे जाधव. त्यांनी एका जखमीला उचलून पाण्यातून, सुरुंगांमधून तो बांध चढून सुरक्षित जागी पोहोचवले आणि मॉर्टर व मशीनगनच्या माऱ्यातच दुसऱ्यासाठी ते पुन्हा खाली उतरले. ठाण्यांवरचा हल्ला त्यानंतरचा. पहिले ठाणे टॉमी गनने (हातात धरून चालवायच्या छोट्या मशीनगनने) गप्प केल्यावर हाताला जखम झाली आणि गन चालवता येईना, तेव्हा ती फेकून त्यांनी हातबॉम्बनी आणखी दोन ठाणी संपवली. मधे बॉम्ब संपले, तर सरपटत बांधाच्या माथ्यावर जाऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे घेतले. (हा तपशील मी ‘किरकोळ’ म्हणून गाळला होता, आपण रागावलात, ते योग्यच होते.) शेवटी ते बांधावर उघड्यावर उभे राहिले आणि मराठ्यांची युद्धगर्जना करत उरलेल्या जवानांना हात करून बोलावू लागले.

लेख आता दोन जखमींपासून सुरू होतो. अंकाची पहिली प्रत घेऊन रविवारी घरी येत आहे. लाल पेन्सिल जवळ ठेवावी, ही विनंती.

आपली नम्र,
मराठीची एक शिक्षिका