टकलावरचे खरखरीत डाग आणि उजेडाचा उपचार

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, टकलावरचे ते डाग नायट्याच्या मलमानं जायचे नाहीत. पॉलिशपेपरसारखे हाताला लागतात, खपली निघते, पुन्हा धरते. हे अ‍ॅक्टिनिक केराटोसिस असावं. वर्षानुवर्षांच्या उन्हानं पेशी बिघडतात. हा कर्करोग नव्हे, पण त्यातला एखादा पुढे तिकडे वळतो आणि कुठला वळेल ते आधी कळत नाही.

म्हणून पहिल्यांदा त्वचारोगतज्ज्ञ. डाग जाड, टणक, दुखरा असेल किंवा रक्त येत असेल तर बायॉप्सीशिवाय (डागाचा तुकडा काढून तपासल्याशिवाय) उजेडाचा उपचार घेऊ नका. वरून बरा दिसतो आणि खाली वाढत राहतो.

पातळ डाग असतील तर डेलाइट फोटोडायनॅमिक थेरपीबद्दल, म्हणजे दिवसाच्या उजेडानं करायच्या उपचाराबद्दल, विचारा. अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाचं किंवा त्याच्या मिथाइल प्रकाराचं औषध लावलं की बिघडलेल्या पेशींत प्रोटोपॉर्फिरिन नावाचं द्रव्य साठतं, आणि उजेड पडला की तेच त्या पेशींना मारतं. याच उपचाराच्या दिव्याखालच्या पद्धतीत ते साधारण 3 तास साठू देऊन मग लाल दिवा लावतात, त्यामुळे भयंकर आग होते. दिवसाच्या उजेडात ते तयार होता होताच वापरलं जातं. आग कमी होते, दिव्याचा खर्चही वाचतो.

आधी सनस्क्रीन, 15 मिनिटांनी डॉक्टर खपल्या खरवडतात, मग औषधाचा पातळ थर. त्यानंतर 30 मिनिटांच्या आत बाहेर पडायचं आणि 2 तास बाहेरच राहायचं. उशीर केलात तर ते द्रव्य साठून आग वाढते. आई, सनस्क्रीन तू निवड: झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं नको. ते दिसणारा उजेडही अडवतं, मग औषध नुसतं पडून राहतं. टोपीही त्या 2 तासांत नको, एरवी मात्र रोज हवीच.

ठाण्यात दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतची सकाळ उत्तम. ढग चालतील, पाऊस नाही. एप्रिल-मेमध्ये घामानं औषध डोळ्यांत उतरतं. उपवन तलावाकाठी बसलात तरी चालेल, पण दाट झाडाखाली नको. घरी येऊन धुवायचं आणि उरलेला दिवस आतच. आठवडाभर लाली, खपल्या राहतील. व्हॅसलीन लावा, खपली ओढू नका. 3 महिन्यांनी पुन्हा दाखवायचं.

खर्च औषधाचाच आहे. डॉक्टर पावडर ताजी कालवून वापरत असतील, तर त्याच दिवशी आणखी कुणी रुग्ण आहे का ते विचारा. कालवलेलं टिकत नाही, म्हणून दोघांत वापरलं तर खर्च वाटला जाईल.

यापेक्षा स्वस्त आहे 5 टक्के फ्लुरोयुरॅसिल मलम, दिवसातून 2 वेळा, 4 आठवडे. नेदरलँड्समधल्या 2019 च्या अभ्यासात, दिव्याच्या उपचाराशी तुलना करता, वर्षभरानंतर ते सरस ठरलं: सुमारे 75 टक्के रुग्णांना गुण, दिव्यानं 38 टक्के. पण मलमानं त्वचा सोलवटून निघते आणि घाबरून काही जण मध्येच सोडतात. बाबा, 4 आठवडे नेटानं लावणार असाल तर माझं मत मलमालाच. नाहीतर उजेडाचा उपचार, कारण तो एका सकाळीच आटोपतो.

जाताना प्रेशरच्या गोळीचं पाकीट न्या. तिच्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यानं त्वचेला ऊन जास्त बाधतं. गोळी मनानं बंद करू नका.

तुमची लेक